तात्यांच्या खिशातला फ्यूज

"सहाच्या आत होईल?" आप्पांनी चपला घालता घालता विचारलं.

"सहा कशाला? पाचला लावून मोकळी होते," मी म्हणाले.

"घाई नको. नीट कर. पण झालंच पाहिजे."

मागच्या पडवीतला दिवा गेला होता. गेला म्हणजे बल्ब गेला नव्हता. आठवड्यापूर्वीच्या वळवाने एनॅमलची जुनी टोपी वाकवली होती, होल्डर गंजून हातात आला होता आणि त्यामागच्या वायरीचं कापड कुजून खाली लोंबत होतं. एरवी आम्ही महिनाभर कंदील घेऊन फिरलो असतो. पण त्या दिवशी आई दवाखान्यातून मोतीबिंदूचं ऑपरेशन करून येणार होती. आप्पा तिलाच आणायला निघाले होते. दुसऱ्या डोळ्याने तिला आधीच दिसत नव्हतं. आमचं न्हाणीघर आणि संडास मागच्या अंगणापलीकडे, मधे चार दगडी पायऱ्या आणि बाजूला हौद. त्याच पायऱ्यांवर ती शिमग्यात घसरली होती. डॉक्टरांनी आप्पांना बजावलं होतं, की डोळ्याला जरा जरी धक्का बसला तर टाके उसवतील आणि मग त्यांच्याही हातात काही उरणार नाही. आईचा स्वभाव असा, की अंधारात हाक मारून कुणाला उठवण्यापेक्षा ती भिंत चाचपत एकटी जाईल. म्हणून त्या दिवशी तो दिवा लागणं भागच होतं.

ही त्र्याण्णवच्या मे महिन्यातली गोष्ट. मी बावीस वर्षांची होते, आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स नुकताच पुरा केला होता. आमच्या तुकडीत मुलगी मी एकटी. गडहिंग्लजमध्ये मला कुणी कामाला बोलवत नव्हतं, पण माझा तोरा मात्र गावातल्या सगळ्या वायरमनना मी शिकवीन असा होता. मला एका जागी बसवत नसे. आप्पा रस्त्याच्या वळणावर गेले नसतील, तोवर मी शिडी मागे नेऊन भिंतीला लावलीसुद्धा.

पुढच्या खोलीत जाऊन मेनचा खटका खाली पाडला. स्वयंपाकघरात चालू असलेला रेडिओ मधेच बंद पडला. पडवीतलं बटणही बंद केलं. कमरेला पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेप आणि टेस्टर. आयटीआयमध्ये आमचे हुद्दार सर दर तासाला एकच सांगायचे. मेन बंद केला म्हणून लाइन बंद झाली असं समजायचं नाही, जिथे हात घालणार तिथे आधी टेस्टर लावायचा. परीक्षेत मी हे उत्तर लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. त्या दुपारी टेस्टर कमरेलाच राहिला. मेन तर मी स्वतः पाडला होता, मग आणखी काय बघायचं?

शिडीच्या सातव्या पायरीवर मला शॉक बसला.

डाव्या हाताची बोटं वायरीच्या उघड्या टोकाला लागली आणि कुणीतरी खांदा धरून हिसडा द्यावा तसा हात मागे उडाला. पक्कड खाली फरशीवर आपटली. मी उजव्या हाताने शिडी कशी धरून ठेवली ते मला आजही सांगता येणार नाही. थोडा वेळ तशीच लटकून राहिले. मग खाली उतरले आणि पक्कड उचलली. पुन्हा वर चढले आणि या वेळी टेस्टर लावला. तो पेटला.

आत जाऊन मेन बघितला, खालीच होता. बटण बघितलं, तेही बंद. परत वर. टेस्टर पुन्हा पेटला. बटणाचं कोडं लवकर सुटलं. जुन्या वायरमनने ते करंट आणणाऱ्या तारेऐवजी परतीच्या, न्यूट्रलच्या तारेवर बसवलं होतं. बटण बंद केलं की दिवा विझायचा, पण होल्डरमध्ये करंट तसाच जिवंत. पण आमचा मेन पडलेला असताना करंट मुळात यायचा कुठून?

मी वायरीचा माग काढत निघाले. भिंतीवरून लाकडी पट्टीत, तुळईखालून, वासा ओलांडून ती सरळ डावीकडे गेली आणि अंगणातल्या भिंतीच्या वरून पलीकडे, तात्यांच्या घरात शिरली.

तात्या म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ. घर मुळात एकच. सात वर्षांपूर्वी आजी गेली आणि तिच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून दोघा भावांत शब्दाला शब्द वाढला. त्यातून वाटणी झाली, अंगणात पुरुषभर उंचीची भिंत उठली आणि बोलणं बंद झालं. आम्ही नवा मीटर घेतला, खोल्यांच्या लाइनी त्यावर फिरवल्या. मागचा एक दिवा जुन्या मीटरवर तसाच राहिला होता. तेव्हापासून आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच ऐकवायचे, "त्या घरची काडीसुद्धा आम्हाला नको." आणि हे ते रोज रात्री ज्या दिव्याखाली हात-पाय धुवून जेवायला यायचे, तो दिवा सात वर्षं त्या घरच्या विजेवर जळत होता.

चार वाजून गेले होते. मी अंगणात येरझारा घालत राहिले. तात्यांकडे जावं, तर आप्पा मला घरात घेतील की नाही याचा भरवसा नव्हता. न जावं, तर आई अंधारात पायऱ्या उतरणार. तिसरा विचारही मनात आलाच, की रबरी चपला घालून, एका वेळी एकच वायर धरून, चालू लाइनवरच उरकून टाकावं. गावातले वायरमन सर्रास करतात तसं. मी चपला घालून शिडीला हातसुद्धा लावला. पण डाव्या हाताची बोटं अजून बधिर होती, आणि मी घाबरले होते हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी पुढच्या दाराने रस्त्यावर आले, वीस पावलं चालले आणि सात वर्षांनी तात्यांच्या सोप्यात उभी राहिले.

तात्या आरामखुर्चीत बसून पेपर वाचत होते. सबस्टेशनवर अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मला वाटलं होतं, दचकतील. ते म्हणाले, "दिव्याचं काम काढलंयस काय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पक्कड पडल्याली ऐकू आली. लागलं काय?"

"थोडा शॉक बसला."

"दाखव बोटं." त्यांनी माझा हात धरून उलटसुलट करून बघितला. आत मोठी आई, म्हणजे माझी काकू, दारात येऊन उभी राहिली होती आणि तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत होती.

"तात्या, ती लाइन तुमच्या मीटरची हाय, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय की. वाटणीच्या टायमाला वायरमननं इचारलं, ही एक तोडू काय म्हणून. म्हटलं, ऱ्हाऊ दे. तुझी आई रातचं मागं जाती, दिसाय नको तिला?"

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर दिनूनं काय केलं असतं?"

दिनू म्हणजे आप्पा. त्यांनी त्याच रात्री कोयत्याने वायर तोडली असती, हे तात्यांना माहीत होतं आणि मलाही.

"आज तरी सांगू नको," तात्या म्हणाले. "आधी दिवा लाव."

ते उठले, बोर्डाजवळ गेले, मेन पाडला आणि पांढरा चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला. डोक्यावरचा पंखा गरगरत थांबला. फ्यूज त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.

"ऐक वैजू. आमच्या सबस्टेशनला एक रीत हुती. लायनमन खांबावर चढला की लाइन बंद करणाऱ्यानं जाग्यावरनं हलायचं न्हाई. आणि वर गेल्याला माणूस सोता खाली येऊन सोताच्या तोंडानं 'काम झालं' म्हणत न्हाई, तोवर लाइन द्यायची न्हाई. कुणाच्या हाती निरोप चालत न्हाई. सायबाचा फोन आला तरी न्हाई. मी हितं उभा हाय. काम झालं की तू यायचं. तूच. कळलं?"

"कळलं."

"तुमच्या घरचा मेन?"

"पाडलाय मघाशीच."

"फ्यूज काढलास?"

"त्याचं काय काम? ही लाइन आमची नाहीच."

"बरं," तात्या म्हणाले, पण त्यांना ते पटलं नव्हतं. मी तोवर रस्त्यावर पोचलेसुद्धा होते.

या वेळी वर चढल्यावर आधी टेस्टर लावला, तो पेटला नाही. मग शिडीवरून उतरून घरात गेले, मेन चढवून टेस्टरच बिघडलेला नाही ना म्हणून एका चालू सॉकेटमध्ये तो पेटतो का ते बघितलं, मेन पुन्हा पाडला आणि परत येऊन वायरीला लावला. तरी पेटला नाही. मग हात घातला.

जुनी टोपी काढून टाकली. नवा दिवा जाळीचा होता, जाड काचेच्या झाकणाचा, आत रबराचं कडं असलेला, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. कुजलेली वायर कापून चांगली जागा सापडेपर्यंत मागे गेले आणि नवा तुकडा जोडला. वायर दिव्यात खालून वर घ्यायची, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून आत न शिरता खाली ठिबकतं. हे सगळं सांगायला सोपं आहे. तिथे वर घाम डोळ्यांत जात होता आणि स्क्रू दोनदा खाली पडला.

आमची जुनी घरं अशी, की मागचं दार, मधलं दार आणि पुढचं दार एका रेषेत. शिडीवरून भिंतीपलीकडे बघितलं, की तात्यांच्या घरातून थेट सोप्यापर्यंत दिसायचं. मी दर दोन मिनिटांनी बघत होते. तात्या बोर्डाजवळ उभे होते. मोठी आई पेपरची घडी करून त्यांना वारा घालत होती. पुन्हा बघितलं, तरी उभे. खुर्ची हातभर अंतरावर होती, तरी बसले नव्हते. मनात नको नको ते येत होतं. सात वर्षं तोंड न बघितलेल्या माणसाच्या खिशात माझा जीव ठेवून मी वर चढले होते. त्यांनी विसरून, नाहीतर रागाने, नाहीतर नुसतं उकडतंय म्हणून फ्यूज घातला तर? असं मनात आल्याची मला लगेच लाजही वाटली, पण मी बघायची थांबले नाही.

दोन्ही वायरींची टोकं सोलून दोन हातांत धरली होती, दिव्याच्या स्क्रूखाली बसवायच्या बेतात होते, आणि घरात रेडिओ एकदम मोठ्याने बोलायला लागला. कोल्हापूर बाजार समितीतले गुळाचे भाव.

म्हणजे आमचा मेन कुणीतरी चालू केला होता.

ही लाइन आमच्या मेनवर नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी माझी बोटं वायरींवर आवळली गेली. मला काही झालं नाही. खालून आप्पांचा आवाज आला, खुशीतला. "वैजू! डॉक्टरांनी लवकर सोडलं गं! आणि मेन कशानं पडला हुता? आईला उकडाय लागलंय, मी आत्ता चढिव—"

ते मागच्या दारात आले आणि थांबले.

त्यांनी आधी शिडी बघितली, मग मला, मग माझ्या दोन हातांतली तांब्याची उघडी टोकं. चेहरा इतक्या पटकन पांढरा पडलेला मी त्याआधी बघितला नव्हता. त्यांनी चौकट धरली.

"मेन तू पाडला हुतास?"

"व्हय."

"मी चालू केला."

"कळलं. रेडिओ लागला."

"मग तू... तुला..."

तात्यांनी सांगू नको म्हटलं होतं. पण त्या तोंडाकडे बघून खोटं बोलणं मला जमलं नाही. मी म्हणाले, "आप्पा, ह्या दिव्याची लाइन आपली नाही. तात्यांच्या मीटरची हाय. आधीपासूनच. फ्यूज तात्यांनी काढलाय, त्यांच्या खिशात हाय."

आप्पांनी वर वायरीकडे बघितलं. ती भिंतीवरून पलीकडे कुठे जाते ते डोळ्यांनी शोधलं. आता म्हणतील, तोड. मी तयारच होते. पण ते वळले आणि घरातून सरळ पुढे चालत गेले. आत आई विचारत होती, "काय झालं ओ? वैजू कुठाय?" पुढच्या फाटकाची कडी वाजली.

मी भिंतीपलीकडे बघितलं. थोड्या वेळाने तात्यांच्या सोप्याच्या दारात आप्पा उभे दिसले.

मला ओरडावंसं वाटलं. त्या दोघांनी तिथे भांडण काढलं, एकमेकांच्या अंगावर गेले, खिशाला हात घातला तर? ऐकू काहीच येत नव्हतं. आमचा रेडिओ आता कांद्याचे भाव सांगत होता. खाली उतरावं, तर वायरी उघड्या लोंबत राहणार. मी स्क्रू आवळले. एक तिरका गेला, काढून पुन्हा आवळला. अर्थिंगची तार जोडली, ओढून बघितली. झाकण बसवलं, त्याचे चार स्क्रू. शेवटचा पुन्हा पडू नये म्हणून दातांत धरून वर नेला. मग उतरले, पडवीतलं बटण चालू केलं आणि पळत सुटले.

तात्यांच्या सोप्यात बोर्डाच्या एका बाजूला तात्या, दुसऱ्या बाजूला आप्पा. दोघं भिंतीला टेकून उभे. तात्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता आणि हात खिशावर होता.

मोठी आई मला दारातच म्हणाली, "आल्यापासनं हे असंच. भावजींनी इचारलं, फ्यूज कुठाय. ह्यांनी खिसा दाखिवला. तवापासनं गप."

"उतरलीस?" तात्यांनी मला विचारलं.

"उतरले. काम झालं. लाइन द्या."

तात्यांनी खिशाचं बटण काढलं, फ्यूज जागेवर दाबला आणि मेन चढवला. पंखा फिरायला लागला आणि मागच्या दारातून, भिंतीच्या वर आमचा नवा दिवा पेटलेला दिसला.

तेव्हा आप्पांना रडू फुटलं. ते लहान मुलासारखं बोलत होते, अर्धं नाकातून. "दादा, मी बघितलंच न्हाई. मेन दिसला पडल्याला, म्हटलं पडला असंल. इचारलं सुदिक न्हाई कुणाला. पोर वर हाय काय, काय न्हाई. लाइन आमची असती तर माझ्या हातानं..."

"न्हवती ना तुमची?" तात्या म्हणाले. "मग झालं."

"ती तुझी हुती म्हणून."

तात्यांनी मान फिरवली आणि उगाच बोर्डावरची धूळ बोटाने पुसली. मग माझ्याकडे वळून त्यांनी साहेबी आवाजात विचारलं, "काय बाई, शिकल्यासवरल्या तुम्ही. ही लाइन आता अशीच ठेवायची काय?"

आप्पा माझ्याकडे बघत होते. मला सगळ्यांना बरं वाटेल असं काहीतरी म्हणता आलं असतं. पण त्या दुपारी दोनदा मरण डोळ्यांसमोर दिसल्यावर मला खोटं सुचेना.

"नाही," मी म्हणाले. "एका घरात दोन मीटरांच्या लाइनी ठेवणं धोक्याचं. उद्या दुसरा कुणी माझ्यासारखाच आमचा मेन पाडून हात घालेल. ती आमच्या मीटरवर घ्यायला पाहिजे. बटणही दुसऱ्या तारेवर."

"बरोबर," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज थोडा उतरला.

"पण त्या कामाला दोन्हीकडचे फ्यूज काढावे लागतील. दोन्ही बोर्डांजवळ एकेक माणूस उभा लागेल. मी वर असेन."

"आमच्या बोर्डाजवळ मी नको," आप्पा म्हणाले. त्यांनी डोळे पुसले. "आज बघितलं मी माझ्या हातानं काय केलं ते. तितं दादा उभा ऱ्हाईल. माझ्या घरात."

"मग हितं कोण?" तात्यांनी विचारलं.

"हितं मी. तू म्हणशील तवर हलायचो न्हाई."

तात्यांनी खुर्चीखालून चपला पायाने ओढून घेतल्या. "उद्याचं उद्या. आधी सुशीलाचा डोळा बघून येतो," आईचं नाव घेत ते म्हणाले, आणि माझ्या आधी रस्त्यावर उतरून आमच्या घराकडे चालू लागले. मी त्यांच्या मागे निघाले. दारातून वळून बघितलं, तर आप्पा अजून बोर्डाशेजारी तसेच ताठ उभे होते. लाइन चालू होती, तिथे राखायला आता काहीच नव्हतं. मोठ्या आईने खुर्ची त्यांच्यासमोर सरकवली.

"बसा की भावजी," ती म्हणाली.

आणि आप्पा बसले.